यू म्हणायला माणूस समोर लागतो

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली निम्मी पोरं माझ्या राबण्यावर इंग्रजी शिकली. त्यातलं कुणी आज रस्त्यात भेटलं की माझ्या सासऱ्यांचं गुणगान सुरू होतं. मास्तरांनी आमचा पाया पक्का केला, आय ॲम, यू आर, शी इज, झोपेतनं उठवलं तरी म्हणून दाखवू. म्हणा बापडे. पण त्यातली ती 'शी' कोण होती, हे एकानं तरी कधी विचारावं की नाही?

मी त्याच जिल्ह्यातल्या मलकापूरची. मॅट्रिकला सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. त्याचं मला वाईट वाटत नाही, राग येतो. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी वर्षभर कुणी आलंच नाही. आम्ही पोरी पुस्तक उघडून चित्रं बघत बसलो आणि परीक्षेला जे व्हायचं ते झालं. मला प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी ट्रेनिंग करायला हवं, ट्रेनिंगसाठी मॅट्रिक पास हवं, आणि मधे हा एक विषय आडवा पडलेला. तेवढ्यात कोल्हापूरचं स्थळ आलं. मुलगा वारणानगरला नोकरीला, सासरा शाळेत इंग्रजीचा मास्तर. वडील म्हणाले, "सासराच मास्तर हाय म्हटल्यावर घोर कशाचा? तुझा ऱ्हायलेला विषय घरात बसून निघंल." मी खुशीनं बोहल्यावर उभी राहिले. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती तेव्हा.

घरात आल्यावर कळलं की सासरे सुनेशी बोलत नाहीत. म्हणजे भांडण नव्हतं, रागही नव्हता. रीत होती. सासऱ्यानं सुनेला थेट हाक मारायची नाही, सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही. मामंजी सैपाकघराच्या पडद्याजवळ आले की खाकरायचे. मी पदर ओढून भिंतीला लागायची. मग ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत सासूबाईंना म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा टाक." मी तिथंच, हातभरावर. माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं. तरी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "चहा टाक म्हणत्यात." आत्या घरात नसल्या तर मामंजी भिंतीला सांगायचे, "पाणी तापलं असेल तर बरं होईल." भिंत काही पाणी तापवत नाही, पण मी तापवायची.

आणखी एक होतं. आमच्याकडे बायामाणसंसुद्धा 'मी जातो, मी आलो' असंच म्हणतात. आईही तशीच बोलायची, आजीही. मी पहिल्या आठवड्यात आत्यांना म्हणाले, "मी पाण्याला जातो." सोप्यातनं, म्हणजे बाहेरच्या खोलीतनं, निरोप आला, "तिला म्हणावं, हे मास्तरांचं घर आहे. जाते म्हण." स्वतः आत्या आयुष्यभर 'जातो' म्हणत आल्या होत्या, त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. निरोप सांगताना त्या खाली बघून हसत होत्या. पण मी नवी. मी 'जाते' म्हणायला लागले. आता लिहितानाही तेच लिहिते, नोकरीनं ती सवय पक्की केली.

रोज संध्याकाळी सोप्यात मामंजींची शिकवणी भरायची. गल्लीतली पोरंपोरी चटईवर, मामंजी खुर्चीत, आणि सैपाकघर नि सोपा यांच्यामधे माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा. त्यांची शिकवायची पद्धत खरंच चांगली होती, ते मी नाकारत नाही. पुस्तक उघडायचे नाहीत. बोटानं शिकवायचे. बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं की आय ॲम. समोरच्या पोराच्या नाकासमोर धरलं की यू आर. लांब दाराबाहेर दाखवलं की ही इज. ते एकदा म्हणणार, पोरं तीनदा. पुढून जे येईल ते मागून तसंच्या तसं, विचार न करता, गळा काढून. एका मुलीनं एकदा 'माय फादर आर' म्हटलं. तिचं बरोबरच होतं की, वडील म्हणजे 'ते', ते 'आहेत' असतात, 'आहे' नसतात. मामंजींनी पट्टी टेबलावर आपटली. "इंग्रजीत बाप एकटाच असतो. फादर इज." पोरगी रडकुंडीला आली. बापाला 'आहे' म्हणायला तिची जीभ धजेना.

आता 'शी इज'साठी समोर नसलेली बाई पाहिजे. ती मामंजींना घरातच सापडली. त्यांनी बोट पडद्याकडे केलं आणि म्हणाले, "शी इज कुकिंग." पोरं ओरडली, शी इज कुकिंग. त्या दिवसापासून माझी सुटका झाली नाही. मी भांडी घासायला बसले की बाहेर शी इज वॉशिंग. पाट्यावर चटणी वाटायला घेतली की शी इज ग्राइंडिंग. रोजची सवय सांगायची असली की शी मेक्स टी. 'मेक' नव्हे, 'मेक्स', तो शेवटचा स विसरला की पट्टी. काल काय झालं ते सांगायचं असलं की यस्टरडे शी मेड भाकरी. उद्याचं सांगायचं असलं तरी मीच. कालही भाकरी, आजही भाकरी, उद्याही भाकरी, आणि पोरांना तीन काळ पाठ.

नळावर घागर घेऊन गेले की पोरं ओरडायची, "शी इज फिलिंग वॉटर." आपल्याकडे तान्ह्या पोराला बसवतात ती शी, आणि मास्तरांच्या घरातली ही दुसरी. पोरं तोंडावर हात ठेवून खिदळायची, बायकाही हसायच्या. अंगाची लाही व्हायची माझी. मला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं. ते त्या गल्लीत कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

पण कान बंद करता येत नाहीत. तव्यावर भाकरी टाकता टाकता मी ऐकत होते. बाहेर म्हणायचे शी इज कुकिंग, आत मी पुटपुटायची, आय ॲम कुकिंग. बाहेर शी मेक्स टी, आत आय मेक टी. लक्षात आलं की 'शी'च्या जागी 'आय' आणून बसवला की 'इज' गुमान उठून जातो आणि 'ॲम' येतो. 'मेक्स'चा तो लाडका स गळून पडतो. आणि मला सगळ्यात काय आवडलं सांगू? 'आय गो'. बाई असो की बुवा, आय गोच. जाते नाही, जातो नाही. तिथं कुणी भिंतीआडून निरोप पाठवत नाही की नीट बोल म्हणून. मला वाटलं, ही साहेबाची भाषा आमच्या मलकापूरवाल्यांना बरी आहे.

अडलं ते 'यू'पाशी. आय म्हणायला एकटी पुरते. शी म्हणायला कुणीही लांबचं चालतं. यू म्हणायला माणूस समोर लागतो, आणि त्यानं आपल्याकडे बघायला लागतं. माझ्यासमोर होता स्टो. मी त्याला म्हणायची, यू आर हॉट. यू आर मेकिंग नॉइज. स्टो भुरभुरायचा, त्याचं आपलं चाललेलं असायचं.

वर्षभरानं धीर करून मी आत्यांना म्हणाले, "मला ऑक्टोबरला एक विषय घेऊन बसायचंय. मामंजींना विचारा, मलाही शिकवतील का? मी पडद्याच्या आतच बसेन." आमच्या ह्यांना आधीच विचारून झालं होतं. ते आठवड्यानं घरी यायचे, 'बघू की' म्हणायचे आणि परत जायचे. आत्या सोप्यात गेल्या. मामंजी पेपर वाचत होते. उत्तर मला पडद्यातनं स्वच्छ ऐकू आलं. "सुनेला समोर बसवून धडे द्यायचे? गल्ली तोंडात शेण घालेल. आणि तिला काय कमी आहे इथं?" आत्या आत आल्या. "न्हाय म्हणत्यात," असं त्या अगदी हळू म्हणाल्या. पुढचं सांगायची गरज नव्हती. गल्लीतल्या कुणाच्याही पोरीला शिकवायचं, आणि घरातली पोरगी उदाहरणापुरती. माझ्या वडिलांना काय सांगू म्हणून मी त्या वर्षी पंचमीला माहेरी गेले नाही.

मग पुढच्या उन्हाळ्यानंतर आत्या माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. घरात मामंजी आणि मी. निरोप न्यायला कुणी नाही. सकाळी भिंत होतीच. संध्याकाळी मामंजींनी नवीन युक्ती काढली. शिकवणी चालू असताना ते पडद्याकडे बोट करून जरा मोठ्यानं म्हणायचे, "शी विल ब्रिंग टी." पोरं तीनदा ओरडायची, आणि मी कपबशी उंबऱ्यावर सरकवायची. "शी विल ब्रिंग वॉटर." तांब्या बाहेर. "शी विल क्लोज द विंडो." खिडकी बंद. महिनाभर हा कारभार इंग्रजीत चालला होता. ह्या बयेला कसं काय समजतं बुवा, एवढा साधा प्रश्न त्या शिकलेल्या माणसाच्या मनात एकदाही येऊ नये? की आला होता आणि त्यांनी तो खाली बसवला? मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी 'डझ नॉट' चाललं होतं. मामंजी म्हणाले, एकेकानं 'शी'वर वाक्य करा. कुणी म्हणालं शी डझ नॉट स्लीप. कुणी म्हणालं शी डझ नॉट प्ले. खरंच होतं ते. मग कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी उठली. तिची आई आजारी होती, म्हणून रोज सकाळी तिची वेणी मी घालून देत होते. तिनं पडद्याकडे बघितलं आणि सुरात म्हणाली, "शी डझ नॉट नो इंग्लिश."

लेकराला मी दोष देत नाही. पण मामंजी म्हणाले, "व्हेरी गुड. ऑल टुगेदर."

आणि सगळी पोरं ओरडली. शी डझ नॉट नो इंग्लिश. तीनदा. स्टोवर त्यांचाच चहा होता. दोन मिनिटांपूर्वीच त्यांनी तो इंग्रजीतनं मागवलेला होता.

मी भाकरी चुलीवरच्या तव्यावर तशीच सोडली. हात पिठाचे होते. पडदा बाजूला केला आणि सोप्यात जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही. मराठीत बोलायचं म्हटलं असतं तर ओठ शिवलेच असते माझे. 'मामंजी' म्हणावं लागलं असतं, 'तुम्ही' म्हणावं लागलं असतं, आणि त्या घरात ते शब्द त्यांच्या तोंडावर मी कधी उच्चारलेलेच नव्हते. इंग्रजीत तसली काही आडकाठी नव्हती. ते नेहमी पोरांपुढे धरायचे तसं मी पिठाचं बोट धरलं आणि म्हणाले, "आय नो इंग्लिश. यू आर टीचिंग. यू आर नॉट टीचिंग मी."

आणि पोरं. त्यांना काय, पुढून आलं की मागून म्हणायचं, एवढंच ठाऊक. सगळ्यांनी माना वर केल्या आणि मास्तरांकडे बघून गळा काढला, "यू आर नॉट टीचिंग मी." एकदा म्हणून थांबतील तर शपथ. रिवाजाप्रमाणे तीनदा म्हणाले.

मामंजींच्या हातात पट्टी होती, ती तशीच राहिली. त्यांनी खुंटीवरची काळी टोपी घेतली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. पोरं बसूनच होती. मी म्हणाले, "जावा आता घरी." ती गेली. भाकरी जळून कोळसा झाली होती. मग मामंजींसाठी टाकलेला चहा गाळून घेतला आणि सोप्यात, त्यांच्या खुर्चीसमोर चटईवर बसून सगळा प्याले.

गल्लीत बोंब झाली. पोरांना घरी विचारलं, यू म्हणजे काय रे? पोरं म्हणाली, तू. झालं. मास्तरांच्या सुनेनं सासऱ्याला अरेतुरे केलं. 'यू'मधे तूही असतो आणि तुम्हीही असतो, गल्लीनं आपल्या सोयीचा घेतला. आमचे हे आठवड्यानं आले ते तोंड पाडूनच. "बाबांना काय बोललीस?" मी सांगितलं. "पण सगळ्यांदेखत?" मी म्हणाले, "मी इंग्रजी जाणत न्हाय, हे सगळ्यांदेखतच म्हणवून घेतलं की." त्यावर हे 'बघू की' म्हणाले आणि जेवून झोपले. मामंजींचं भिंतीशी बोलणंही बंद झालं. शिकवणी चालू होती, पण त्यात आता कावळे, गाई आणि बागेतला माळी आले. बागेतला माळी कुठनं आणला कोण जाणे, आमच्याकडे कुंडीसुद्धा नव्हती.

महिन्यानं आत्या परतल्या. दारात पाय ठेवायच्या आधीच त्यांना गल्लीनं सगळं सांगितलं. मी सैपाकघरात उभी, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस." एवढंच. संध्याकाळी मामंजी आले, खाकरले आणि म्हणाले, "तिला म्हणावं, चहा टाक." आत्या जागच्या हलल्या नाहीत. "तुमास्नी तोंड हाय की. मी निरोप न्हेऊन न्हेऊन थकलो. माझी सासू असल्यापास्नं न्हेतोय."

त्या दिवशी मामंजींना चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीला सांगून बघितलं त्यांनी, पण आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मला म्हाताऱ्याला चहा द्यावासा वाटत होता, आणि त्याहून जास्त राग येत होता की हे सगळं एवढ्याशा गोष्टीसाठी. बोला की माझ्याशी. काय झिजणार होतं?

तिसऱ्या दिवशी शिकवणी भरली. मामंजी मग पोरांना म्हणाले, "जरा सरका." चटईवर जागा झाली. आढ्याकडे बघत ते म्हणाले, "कम. सिट."

आत्यांनी मला कोपरानं ढोसलं. पण मी हलले नाही. हे कुणाला म्हणताहेत? आढ्याला? पोराला? मी पडदा जरा सारून आतूनच विचारलं, "हू?"

पोरांनी तोंडं उघडली आणि मिटली. म्हणायचं की नाही, ते त्यांना कळेना. मामंजींचं डोकं हळूहळू खाली आलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बोट उचलून माझ्याकडे धरलं.

"यू," ते म्हणाले.

मी जाऊन बसले. त्या मोसमात ऑक्टोबरपर्यंत रोज बसले, वेणी घालून घेणाऱ्या त्या पोरीच्या शेजारी. मामंजींनी मला मनापासून शिकवलं, त्यात कसूर केली नाही. चुकले की माझ्यासाठीही पट्टी टेबलावर आपटली. पण शिकवणी संपली, मी पडद्याआड गेले, की मराठीत पुन्हा शुकशुकाट. यू फक्त चटईवर. लोक म्हणतात, काही का असेना, शेवटी शिकवलंच की. शिकवलं, हो. पण जे पहिल्या दिवशी द्यायचं, ते मला भांडून घ्यावं लागलं, आणि कौतुक मात्र त्यांचं झालं. मास्तरांनी सुनेला शिकवलं, केवढं मन मोठं म्हणे.

निकालाच्या दिवशी मामंजी शाळेतनं लवकर आले. आत्या आणि मी दारात तांदूळ निवडत होतो. ते उंबऱ्यापाशी थांबले, खाकरले आणि आत्यांकडे वळून म्हणाले, "तिला म्हणावं..." आत्यांनी सूप उचललं आणि सरळ आत निघून गेल्या. दारात आम्ही दोघंच.

मामंजींनी इकडेतिकडे बघितलं. भिंत होती, पण लांब होती. "यू हॅव पास्ड," ते म्हणाले.

माझे वडील डोळ्यांसमोर आले, ट्रेनिंग आलं, पोरांनी भरलेला वर्ग आला. तरी मी म्हणाले, "मराठीत सांगा की."

त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली. गल्लीतली एक बाई थांबून बघायला लागली होती. मग ते तोंडातल्या तोंडात, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "पास झालीस."

"व्हय," मी म्हणाले. "झालो."

त्यावर 'झाले म्हण' असा कुठलाच निरोप आला नाही.